डाल्टनच्या वह्या, आणि पाण्याच्या एका कणाचं वजन

वहीचं एक पान. तारीख ६ सप्टेंबर १८०३. मथळा साधारण असा: पदार्थांचे अंतिम कण आणि त्यांची जुळणी याविषयी निरीक्षणं. त्याखाली आकड्यांची छोटीशी यादी. हायड्रोजन १, ऑक्सिजन ५.६६, नायट्रोजन ४, कार्बन ४.५, पाणी ६.६६.

आज नववीतलं पोरसुद्धा सांगेल की यातला हायड्रोजनचा १ सोडला, तर बाकी सगळं चुकलंय. ऑक्सिजन १६ हवा, कार्बन १२, नायट्रोजन १४. शाळेच्या पेपरात ही यादी लिहिली तर पाचात एक मार्क मिळेल, तोही उदार मनाचे मास्तर असले तर. आणि तरीही रसायनशास्त्राच्या इतिहासात या पानाइतकं महत्त्वाचं पान शोधायचं तर फार फिरावं लागेल. अणू नावाच्या, कुणी कधी न पाहिलेल्या गोष्टीचं वजन माणसानं पहिल्यांदा कागदावर मांडलं ते इथे.

वही जॉन डाल्टनची. आपल्याकडच्या शालेय पुस्तकात हा माणूस ‘डाल्टनचा अणुसिद्धांत’ या चार-पाच मुद्द्यांत संपतो. अणू अविभाज्य, एका मूलद्रव्याचे अणू एकसारखे, वगैरे. पाठ करा, लिहा, मोकळे व्हा. त्या मुद्द्यांत माणूसही सापडत नाही आणि त्याला हे सुचलं कसं तेही नाही. दुसरी गोष्ट तर त्याला स्वतःलाही नीट सांगता आली नाही, आणि मला सगळ्यात गंमत वाटते ती तिथेच.

डाल्टन इंग्लंडच्या उत्तरेकडच्या कम्बरलँड परगण्यातला. ईगल्सफिल्ड नावाच्या खेड्यात १७६६ साली एका विणकराच्या घरी जन्मला. घर क्वेकर पंथाचं. साधे कपडे, साधं बोलणं, राजाच्या चर्चशी फारकत. या फारकतीमुळे ऑक्सफर्ड-केंब्रिजचे दरवाजे अशा घरातल्या मुलांना बंद असत. डाल्टन बाराव्या वर्षीच गावच्या पोरांना शिकवू लागला, पंधराव्या वर्षी भावाबरोबर केंडल गावच्या शाळेत गेला, आणि पुढे जन्मभर त्याचं पोट भरलं ते शिकवण्यांवर. १७९३ मध्ये तो मँचेस्टरच्या न्यू कॉलेजात गणित आणि भौतिकी शिकवायला लागला, १८०० साली ती नोकरी सोडली, आणि नंतर खासगी शिकवण्याच घेत राहिला. जगभर नाव झाल्यावरही. ऊर्जेच्या एककाला ज्याचं नाव आहे तो जूल लहानपणी याच्याकडेच गणिताचे धडे गिरवायला येत असे.

केंडलला त्याला जॉन गॉफ नावाचा गुरू भेटला. देवीच्या आजारात दृष्टी गेलेला, पण लॅटिन, ग्रीक, गणित, वनस्पती सगळ्यात गती असलेला. त्यानं या पोराला एक सवय लावली: रोजचं हवामान लिहून ठेव. डाल्टननं २४ मार्च १७८७ ला पहिली नोंद केली आणि मग थांबला नाही. किती पारा, किती ऊन, वारा कुठला, पाऊस किती. सत्तावन्न वर्षं. दोन लाखांहून जास्त नोंदी. हे वाचायला कंटाळवाणं आहे, आणि लिहायलाही असणार. पण अणूची वाट याच कंटाळ्यातून गेली.

हवामान पाहणाऱ्याला एक साधा प्रश्न छळतो: हवा म्हणजे नेमकं काय? तोवर एवढं कळलं होतं की हवेत नायट्रोजन आहे, ऑक्सिजन आहे, थोडी वाफ आहे. ऑक्सिजन नायट्रोजनपेक्षा जड. मग तेल पाण्यावर तरंगतं तसा नायट्रोजन वर आणि ऑक्सिजन तळाशी का बसत नाही? खोऱ्यातली हवा घ्या, डोंगरमाथ्यावरची घ्या, प्रमाण तेच. लोक म्हणत, हे वायू एकमेकांत विरघळलेले असतील. डाल्टनला ते पटेना. त्याचं म्हणणं, प्रत्येक वायूचे कण फक्त आपल्या जातीच्या कणांना दूर ढकलतात, परक्या कणांशी त्यांना देणंघेणं नसतं. एकाच चाळीत प्रत्येकाचं बिऱ्हाड वेगळं, तसं. त्यामुळे भांड्यात चार वायू कोंडले तर प्रत्येक जण जणू आपण एकटेच आहोत अशा थाटात भांड्याच्या भिंतीवर दाब देतो, आणि चौघांच्या दाबांची बेरीज म्हणजे एकूण दाब. हा नियम आजही डाल्टनच्या नावानं शिकवला जातो. त्यामागचं कारण त्यानं चुकीचं दिलं होतं. नियम मात्र टिकला.

त्याच सुमारास त्याचा मित्र विल्यम हेन्री पाण्यात वायू किती विरघळतो ते मोजत होता. दाब दुप्पट केला की दुप्पट वायू विरघळतो, हे त्याला सापडलं. डाल्टनचा पुढचा प्रश्न: ठीक आहे, पण त्याच दाबाला पाणी सगळ्या वायूंना सारखंच का घेत नाही? कार्बन डायऑक्साइड पाण्यात चांगला भरपूर मुरतो, नायट्रोजन जेमतेम. त्याला वाटलं, हे कणांच्या वजनावर असणार. हलके कण कमी मुरत असतील, जड कण जास्त. आता हे पडताळायचं तर कणांची वजनं हवीत. आणि ती तर कुणीच काढली नव्हती.

म्हणून त्यानं काढली. पाण्यात वायू कसे मुरतात यावरचा निबंध त्यानं ऑक्टोबर १८०३ मध्ये मँचेस्टरच्या साहित्य आणि तत्त्वज्ञान मंडळात वाचला. १८०५ मध्ये तो छापून आला तेव्हा शेवटी, जवळजवळ शेपटासारखी, अणूंच्या सापेक्ष वजनांची यादी जोडलेली होती. हा विषय माझ्या माहितीप्रमाणे अगदी नवा आहे, एवढंच त्यानं सोबत म्हटलं. मूळ कल्पना, म्हणजे कणांचं वजन पाण्यातलं मुरणं ठरवतं ही, पुढे चुकीचीच निघाली. यादी मात्र राहिली.

आता मुद्द्याची गोष्ट. दिसत नाही, चिमटीत येत नाही, अशा कणाचं वजन करायचं कसं?

समजा लग्नघर आहे. येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला मानाचा एक नारळ आणि एक सुपारी द्यायची. संध्याकाळी कोठीवरचा माणूस सांगतो, आज ६० किलो नारळ गेले आणि १ किलो सुपारी. पाहुणे किती आले ते कुणी मोजलेलं नाही. तरीसुद्धा तुम्ही बसल्या जागी सांगू शकता की एक नारळ एका सुपारीच्या ६० पट जड आहे. पाहुणे शंभर असोत की हजार, उत्तर बदलत नाही. न मोजता, न बघता, एकेकट्या नगाच्या वजनाचं गुणोत्तर हाती आलं.

डाल्टननं हेच पाण्याशी केलं. फ्रान्सच्या लाव्हाझिएनं पाणी फोडून सांगितलं होतं की १०० भाग पाण्यात ८५ भाग ऑक्सिजन आणि १५ भाग हायड्रोजन असतो, वजनानं. पाण्याच्या प्रत्येक कणात हायड्रोजनचा एक आणि ऑक्सिजनचा एक अणू आहे असं धरलं, तर ८५ भागिले १५. उत्तर ५.६६. वहीतला तो विचित्र आकडा आला तो इथून. हायड्रोजन सगळ्यात हलका, म्हणून तो १ धरायचा. पाण्याचा कण म्हणजे दोघांची बेरीज, ६.६६. सगळं गणित पाटीवर होण्यासारखं आहे. अवघड होता तो प्रश्न विचारणं.

इथे कुणीतरी कणादांचं नाव काढणार, आणि ते बरोबरच आहे. पदार्थ कणांचा बनलेला आहे हे कणादांनी म्हटलं होतं, ग्रीसमध्ये डेमोक्रिटसनंही. पण त्या कणाचं वजन किती, या प्रश्नाला तराजूनं उत्तर देता येईल असं कुणी म्हटलं नव्हतं. डाल्टनचा अणू वाण्याच्या दुकानात नेता येतो. फरक तेवढाच, आणि तो भलता मोठा आहे.

मात्र नारळ-सुपारीच्या हिशेबात एक खोच आहे. प्रत्येक पाहुण्याला सुपाऱ्या दोन दिल्या असल्या तर? मग ६० किलो नारळ आणि १ किलो सुपारी यावरून एक नारळ १२० सुपाऱ्यांइतका ठरतो. म्हणजे एका पाहुण्याला किती सुपाऱ्या दिल्या ते आधी ठाऊक हवं. डाल्टनकडे ते कळायचा मार्ग नव्हता. त्यानं सरळ नियम केला: दोन मूलद्रव्यांचा एकच संयुग पदार्थ माहीत असेल, तर तो एकास एक धरावा. का? सगळ्यात सोपं म्हणून. पाण्यात हायड्रोजनचे अणू दोन आहेत हे आज आपण झोपेतही म्हणतो, पण त्याच्या दृष्टीनं पाणी म्हणजे एक अधिक एक. विश्लेषणं सुधारली तसा त्याचा ऑक्सिजन ५.६६ वरून ७ वर आला. अचूक मापांनी तो ८ येतो. आणि हायड्रोजन दोन धरला की १६.

ही खोच त्याच्या हयातीतच सुटू शकली असती. फ्रान्सच्या गे-ल्युसॅकनं १८०८ मध्ये दाखवलं की दोन माप हायड्रोजन आणि एक माप ऑक्सिजन मिळून बरोबर दोन माप वाफ होते. इटलीच्या ॲव्होगाड्रोनं १८११ मध्ये त्यावरून निष्कर्ष काढला की सारख्या मापात, सारख्या दाब-तापमानाला, कुठल्याही वायूच्या रेणूंची संख्या सारखीच असते. तिथेच पाण्यातले दोन हायड्रोजन उघडे पडतात. पण डाल्टननं गे-ल्युसॅकची मापंच मानली नाहीत. एका माप ऑक्सिजनपासून दोन माप वाफ व्हायची तर ऑक्सिजनचा कण मधोमध चिरावा लागेल, आणि अणू चिरत नाही हा तर त्याचा पाया. ऑक्सिजनच्या वायूत अणू जोडीजोडीनं फिरत असतील, हे त्याच्या मनात येणं शक्य नव्हतं: सारखे कण एकमेकांना ढकलतात हे त्यानं स्वतःच ठरवून टाकलेलं होतं. जी चुकीची कल्पना त्याला इथवर घेऊन आली, तिनंच पुढची वाट अडवली. हा गोंधळ निस्तरायला १८६० उजाडलं.

मग सिद्धांत टिकला कशावर? एका पडताळ्यावर. अणू अखंड असतील, अर्धा-पाव होत नसतील, तर दोन मूलद्रव्यं दोन वेगवेगळे पदार्थ बनवताना प्रमाणात उडी पूर्ण आकड्यांचीच मारतील. १२ ग्रॅम कार्बन १६ ग्रॅम ऑक्सिजन घेतो आणि कार्बन मोनॉक्साइड होतो, किंवा ३२ ग्रॅम घेतो आणि डायऑक्साइड होतो. २१ ग्रॅम, २७ ग्रॅम असं मधलं काही नाही. एका पाहुण्याला एक नारळ किंवा दोन, दीड कुणी देत नाही. डाल्टनला हे दलदलीतून निघणाऱ्या वायूत, म्हणजे मिथेनमध्ये, आणि इथिलीनमध्येही सापडलं: तेवढ्याच कार्बनमागे मिथेनमध्ये हायड्रोजन इथिलीनच्या दुप्पट. त्याची उपकरणं ओबडधोबड होती. त्या काळचा नामवंत रसायनतज्ज्ञ हम्फ्री डेव्ही यानं तर त्याला धसमुसळा प्रयोगकर्ता म्हटलं होतं. पण एक आणि दोन यांतला फरक धसमुसळ्या हातालाही कळतो.

आता त्या पेचाकडे येतो. डाल्टनला अणूंच्या वजनाची कल्पना नेमकी कशावरून सुचली?

ग्लासगोचा रसायनतज्ज्ञ टॉमस टॉमसन १८०४ च्या ऑगस्टमध्ये त्याला भेटला. १८०७ मध्ये त्यानंच आपल्या ग्रंथात हा सिद्धांत जगाला सांगितला, डाल्टनचं स्वतःचं पुस्तक पुढच्या वर्षी आलं. टॉमसननं लिहून ठेवलं की कल्पना आली मिथेन आणि इथिलीनच्या प्रयोगातून. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये १८१० साली व्याख्यान देताना डाल्टननं वेगळंच सांगितलं: न्यूटनच्या विचारांवरून आणि मिश्र वायूंच्या कोड्यावरून. आणि म्हातारपणी हेन्री बापलेकांशी बोलताना तिसरीच गोष्ट: जर्मनीच्या रिख्टरनं आम्ल आणि अल्कलींची प्रमाणं मांडली होती, त्यावरून. तिन्ही गोष्टींचा उगम डाल्टनच. तिन्ही एकदम खऱ्या असू शकत नाहीत.

बरीच वर्षं पुस्तकांनी टॉमसनची गोष्ट चालवली, कारण ती शिकवायला सोयीची होती. आधी प्रयोग, मग नियम, मग सिद्धांत, अगदी क्रमानं. मग १८९६ मध्ये हेन्री रॉस्को आणि आर्थर हार्डन या दोघांनी मंडळाच्या घरात पडून असलेल्या डाल्टनच्या वह्या उघडल्या. आणि तिथे ते ६ सप्टेंबर १८०३ चं पान. मिथेनचे प्रयोग वहीत येतात १८०४ च्या उन्हाळ्यात. म्हणजे वजनांची यादी आधी, मिथेन नंतर. टॉमसनची गोष्ट तिथेच लंगडी पडली. रिख्टरचं तर सुरुवातीच्या पानांवर काही खातं दिसत नाही. उरली वायूंची गोष्ट, आणि तीसुद्धा जशीच्या तशी नाही: त्या व्याख्यानात कणांच्या आकाराचा विचार १८०५ मध्ये सुचला असं डाल्टन म्हणतो, ते साल त्याच्याच वह्यांशी जुळत नाही. इतिहासकारांचा वाद त्यानंतरही चालूच राहिला.

डाल्टन खोटं बोलला असं मला वाटत नाही. आपणही आपल्या लग्नाची गोष्ट पाच जणांना पाच तऱ्हेनं सांगतो, आणि दर वेळी ती थोडी जास्त नीटनेटकी होते.

स्वतःबद्दल तो चुकला त्याचं दुसरं उदाहरण याहून स्पष्ट आहे. त्याला रंग नीट दिसत नसत. लाखेची लाल कांडी आणि लॉरेलचं हिरवं पान त्याला एकाच रंगाचं वाटे. १७९२ मध्ये त्यानं जिरेनियमचं गुलाबी फूल मेणबत्तीच्या उजेडात पाहिलं. दिवसा त्याला ते आभाळासारखं निळं दिसायचं, आणि आता त्यात निळ्याचा मागमूस नाही, चक्क तांबडं. इतरांना फारसा फरक दिसेना. फक्त त्याच्या भावाला अगदी तसंच दिसलं. १७९४ मध्ये यावर त्यानं जो निबंध वाचला, तो रंगांधळेपणावरच्या पहिल्या शास्त्रीय लेखनात मोजला जातो. फ्रेंचमध्ये या दोषाला आजही डाल्टनचंच नाव आहे. या दोषाचं कारण त्यानं असं दिलं: माझ्या डोळ्यातला द्रव निळसर असणार, तो तांबडा उजेड गिळत असणार. आणि मेल्यावर डोळे उघडून पाहा असं सांगून ठेवलं.

तो गेला २७ जुलै १८४४ रोजी. आदल्या रात्री थरथरत्या हातानं हवामानाची नोंद केली होती: आज थोडासा पाऊस. मँचेस्टरच्या टाउन हॉलमध्ये त्याच्या शवपेटीचं दर्शन घ्यायला सुमारे ४०,००० माणसं रांगेनं गेली. शिकवण्या घेणाऱ्या मास्तराला. आणि डॉक्टर जोसेफ रॅन्समनं ठरल्याप्रमाणे डोळे उघडले. एका डोळ्यातला द्रव घड्याळाच्या काचेवर ओतला तर तो पाण्यासारखा नितळ. दुसऱ्याचा मागचा भाग कापून त्यातून आरपार पाहिलं, लाल लालच आणि हिरवा हिरवाच. डाल्टनचं स्पष्टीकरण तिथेच संपलं. टॉमस यंगनं त्याआधीच सुचवलं होतं की डोळ्याच्या पडद्यातली तांबडं टिपणारी यंत्रणाच याच्याकडे नसावी. डोळ्यांचे अवशेष मंडळानं बरणीत जपून ठेवले. १९९५ मध्ये त्यातून डीएनए काढून तपासलं, तर यंगही थोडा चुकलेला निघाला: नव्हतं ते मधल्या लांबीच्या प्रकाशलहरी टिपणारं, म्हणजे ढोबळमानानं हिरव्याचं, रंगद्रव्य.

डोळे राहिले. वह्यांचं तसं झालं नाही. मंडळाचं घर मँचेस्टरच्या जॉर्ज स्ट्रीटवर होतं, ३६ नंबर. तिथेच डाल्टन शिकवायचा, तिथेच त्याची प्रयोगशाळा, आणि पुढे तिथेच त्याचे कागद. डिसेंबर १९४० मध्ये, नाताळच्या तोंडावर, जर्मन विमानांनी मँचेस्टरवर बॉम्ब टाकले आणि २४ तारखेला ते घर गेलं. प्रयोगांच्या बहुतेक वह्या जळाल्या. काही कागद भाजलेल्या अवस्थेत हाती लागले, ते आता मँचेस्टरच्या जॉन रायलंड्स ग्रंथालयात आहेत.

जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत प्रथिनाचं वजन विचारलं की पोरं सहज सांगतात, पन्नास किलोडाल्टन. हे एकक त्याच्याच नावाचं. पण सुरुवातीला मी ज्या पानाचं वर्णन केलं, ५.६६ वालं, ते आज आपल्याला ठाऊक आहे ते १८९६ मध्ये रॉस्को आणि हार्डन यांनी वहीतले उतारे आपल्या पुस्तकात छापून ठेवले म्हणून. त्यांना ते लागलं होतं एक जुनी गोष्ट खोडायला. अजून चव्वेचाळीस वर्षांनी घर जळणार आहे, हे त्यांना कुठून ठाऊक असणार.